हजारात नऊ : त्सुकुबाची मोजणी आणि आपले बेट

जून २०२५ मध्ये जपान सरकारने आदल्या वर्षीच्या जन्मांचा आकडा जाहीर केला. २०२४ साली त्या देशात सुमारे ६ लाख ८६ हजार मुले जन्मली. १९७३ साली हीच संख्या २० लाख ९० हजारांच्या घरात होती. पन्नास वर्षांत पाळणे एक-तृतीयांशावर आले. या बातमीवर जगभर पुष्कळ लिहिले गेले. ओस पडणाऱ्या शाळा, वाढणारे म्हातारपण, कामाला न मिळणारी माणसे यांची चर्चा झाली. परंतु जन्म घटत असताना त्याच देशात माणसांचा एक गट मात्र सतत वाढत आला आहे, आणि त्याच्याकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. सदोष हृदय घेऊन जन्मलेली, उपचाराने जगलेली आणि मोठी झालेली ही माणसे आहेत.

वाचकहो, आपल्या मराठी पानावर जपानच्या हृदयरोग्यांची चर्चा कशासाठी, असा प्रश्न तुम्हांला पडेल. त्याचे उत्तर असे की, परदेशी शिक्षकांच्या प्रशिक्षणासाठी जपान सरकार जी शिष्यवृत्ती देते, तिच्यावर आम्ही काही वर्षांपूर्वी दीड वर्ष त्सुकुबा येथे राहिलो. तोक्योच्या ईशान्येला इबाराकी प्रांतात वसवलेले हे विज्ञाननगर. तेथील विद्यापीठ १९७३ साली स्थापन झाले असले तरी त्याची मुळे १८७२ च्या शिक्षक-शाळेत आहेत, म्हणून शिक्षकाला ते ठिकाण परके वाटत नाही. आम्ही तेथे गेलो होतो अध्यापन शिकायला. पण एका प्राथमिक शाळेत जे पाहिले, त्याने आम्हांला आमच्याच वर्गातील एका मुलाची आठवण करून दिली आणि तेव्हापासून हा विषय मनातून गेलेला नाही.

मोजणी कशी वाढली

जन्मजात हृदयदोष म्हणजे मूल पोटात असतानाच हृदयाच्या घडणीत राहिलेली उणीव. गर्भ राहिल्यापासून पहिल्या दोन महिन्यांत, म्हणजे कित्येकदा आईला स्वतःला पुरते कळण्याच्या आतच, हृदयाचे चार कप्पे, पडदे आणि झडपा तयार होतात. त्या कामात कोठे खंड पडला तर पडद्याला छिद्र राहते, झडप अरुंद होते किंवा मोठ्या रक्तवाहिन्या भलत्याच ठिकाणी जोडल्या जातात. यांतील सर्वांत जास्त आढळणारा दोष म्हणजे खालच्या दोन कप्प्यांमधील पडद्याला असलेले छिद्र. आपल्याकडे ‘मालादी ब्ले’ म्हणून ज्याची भीती घातली जाते, त्या निळसर पडणाऱ्या मुलांच्या आजाराचे सविस्तर वर्णन मार्सेयच्या डॉ. फालो यांनी १८८८ साली केले. त्यांचेच नाव आजही त्या दोषाला आहे.

अशी मुले किती जन्मतात? हा प्रश्न दिसतो तितका सरळ नाही. जगभरचे अभ्यास एकत्र करून २०११ साली जो हिशेब मांडला गेला, त्यात १९३० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत दर हजार जन्मांमागे ०.६ मुलांची नोंद होती, तर १९९५ नंतर ती ९.१ झाली. म्हणजे साठ-सत्तर वर्षांत पंधरा पट! मग काय, आपल्या आजीच्या काळी हृदये निरोगी होती आणि आता बिघडली? तसे मुळीच नाही. आजीच्या काळी असे मूल आठ दिवसांत गेले की ‘बाळ धरले नाही’ एवढेच म्हणत. कोणी त्याचे हृदय पाहिले नाही, म्हणून कोणी मोजलेही नाही. पुढे छातीवर नळी ठेवून हृदयाचा आवाज नीट ऐकणारे डॉक्टर वाढले, मग ध्वनिलहरींनी हृदयाचे चित्र दाखवणारे यंत्र आले, आणि पूर्वी न दिसणारी लहान छिद्रेही दिसू लागली. इस्रायलमध्ये १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत सरसकट सर्व नवजात बालके या यंत्राने तपासली, तेव्हा शंभरात पाचांच्या हृदयाच्या पडद्यात बारीक छिद्र दिसले. त्यांतील बहुतेक वर्षभरात आपोआप बुजले.

यावरून एक गोष्ट ध्यानात येते. आकडा जितका रोगाचा असतो, तितकाच तो पाहणाऱ्याचाही असतो. ज्या देशाचा आकडा लहान, तेथे रोग कमी असेलच असे नाही. कदाचित तेथे पाहणारे डोळे कमी असतील. हे सूत्र मनात धरूनच पुढचे वाचावे.

एक लाख मातांची नोंद

त्सुकुबात राष्ट्रीय पर्यावरण अभ्यास संस्था आहे. १९७४ साली ती प्रदूषणाच्या अभ्यासासाठी उभी राहिली. मिनामाता गावात कारखान्याच्या पाण्यातील पारा माशांतून माणसांत आणि मातेच्या रक्तातून पोटातल्या मुलांत उतरला, ती दुःखद हकीकत जपान विसरलेला नाही. आईच्या भोवतालचे जग बाळाच्या शरीरात कसे उतरते, हे शोधण्यासाठी जपानने जानेवारी २०११ मध्ये एक विशाल पाहणी सुरू केली आणि तिचे मध्यवर्ती कार्यालय त्सुकुबाच्या या संस्थेत ठेवले. होक्काइदोपासून ओकिनावापर्यंत १५ प्रादेशिक केंद्रे उघडली आणि मार्च २०१४ पर्यंत सुमारे एक लाख गर्भवती स्त्रियांची नावे त्यांत नोंदवली गेली. आईचे रक्त, लघवी, नाळेतील रक्त, पुढे मुलाचे दुधाचे दातसुद्धा जमवण्यात आले. आई काय खाते, कोणते औषध घेते, कोणते काम करते, हे मूल जन्मण्याच्या आधीच लिहून घेतले गेले. हेच या पाहणीचे खरे बळ. मूल सदोष जन्मल्यावर आईला ‘तू काय खाल्ले होतेस?’ असे विचारले, तर भेदरलेली आई नको ते सारे आठवते. येथे तसे करावे लागत नाही.

या नोंदींच्या आधारे २०२४ साली हृदयदोषांविषयीचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. शंभर मुलांमागे एकापेक्षा थोडे अधिक असे प्रमाण त्यातही आढळले. जोखीम वाढलेली दिसली ती पुढील बाबतींत : आईला स्वतःला जन्मजात हृदयदोष असणे, आईचे वय चाळिशीच्या पुढे असणे, अपस्माराचे एक विशिष्ट औषध, रक्तदाबाची औषधे आणि ‘अ’ जीवनसत्त्वाच्या गोळ्या. लक्षात घ्या, गाजर-पालेभाजीचा येथे संबंध नाही. दुकानातून आणलेल्या गोळ्यांचा आहे. आणि याचा अर्थ अपस्माराच्या किंवा रक्तदाबाच्या रुग्ण स्त्रीने औषध आपल्या मनाने बंद करावे असाही नाही. तसे केल्यास आई आणि बाळ दोघांच्याही जिवाला धोका संभवतो. मूल होऊ देण्याचे ठरवतानाच डॉक्टरांशी बोलून योग्य औषध निवडावे, एवढाच त्याचा अर्थ.

याहून महत्त्वाची गोष्ट आम्हांला वेगळीच वाटते. एवढी प्रचंड पाहणी करूनही बहुतेक मुलांच्या बाबतीत नेमके एक कारण सापडत नाही. काही मुलांत गुणसूत्रांचा फरक असतो. डाउन सिंड्रोम असलेल्या मुलांपैकी जवळजवळ निम्म्यांना हृदयदोष असतो. बाकीच्यांत कारणे गुंतलेली असतात आणि पुष्कळदा हाती लागत नाहीत. मग आपल्या घरांत सुनेला जे ऐकावे लागते त्याचे काय? ‘ग्रहणात बाहेर गेली’, ‘विळी हातात घेतली’, ‘माहेरचेच रक्त तसे’ असले बोल बेटावरही पूर्णपणे थांबलेले नाहीत. एक लाख मातांचा हिशेब ठेवणाऱ्या शास्त्रज्ञांना जो दोष आईच्या माथी मारता आला नाही, तो सासरच्या ओसरीवर बसून कोणी मारू नये.

वंश, जागा आणि छिद्र

लोकसंख्येनुसार दोषाचे स्वरूपही बदलते. जपान, चीन, कोरिया या पूर्वेकडील देशांत खालच्या पडद्याचे छिद्र पुष्कळदा अगदी वरच्या बाजूला, महारोहिणीच्या झडपेला लागून असते. युरोपियन वंशाच्या मुलांत अशा जागेची छिद्रे शंभरात पाचांच्या आसपास, तर जपानी मुलांत शंभरात तीसपर्यंत आढळली आहेत. छिद्र लहान का असेना, त्याच्या ओढीने झडपेची पाकळी खाली सरकते आणि झडप गळू लागते. त्यामुळे युरोपात ‘लहान छिद्र आहे, थांबून पाहू’ असे म्हणणे बरोबर ठरेल, तेथे जपानी डॉक्टर वेळीच शस्त्रक्रियेचा विचार करतात. म्हणजे दुसऱ्या देशाचे पुस्तक जसेच्या तसे वापरून भागत नाही. आपल्या मुलांची मोजणी आपणच ठेवावी लागते. भारत, आफ्रिका, चीन आणि युरोप येथून आलेल्यांचे वंशज ज्या बेटावर शेजारी-शेजारी नांदतात, त्या मॉरिशसला तर हे अधिकच लागू आहे.

टाळता येण्याजोगा दोष

कारणे बहुधा सापडत नाहीत हे खरे, तरी काही कारणे पक्की ठाऊक आहेत आणि टाळता येतात. रुबेला हे त्यांतील ठळक. मोठ्या माणसाला चार दिवस पुरळ आणि ताप, एवढेच. पण गर्भारपणाच्या पहिल्या महिन्यांत आईला तो झाला तर बाळ बहिरे, मोतीबिंदूचे किंवा हृदयदोषाचे जन्मू शकते. १९४१ साली ऑस्ट्रेलियाचे नेत्रतज्ज्ञ नॉर्मन ग्रेग यांनी हा संबंध दाखवला.

ओकिनावा बेटांवर १९६४-६५ मध्ये रुबेलाची साथ आली आणि त्यानंतर चारशेहून अधिक मुले श्रवणदोष घेऊन जन्मली. काहींना हृदयाचा दोषही होता. ही सारी एकाच वयाची असल्याने त्यांच्यासाठी १९७८ साली एक खास शाळा उघडावी लागली आणि ती मुले शिकून बाहेर पडल्यावर १९८४ साली ती बंदही झाली. एका साथीने एक शाळा भरवली! शिक्षकाच्या छातीत हे वाक्य रुतून बसते.

एवढे होऊनही जपानची एक चूक झाली. १९७७ पासून लस दिली ती फक्त शाळकरी मुलींना. हिशेब असा की मूल होते बाईला, तेव्हा लसही बाईलाच. पुरुष तसेच राहिले. २०१३ साली चौदा हजारांवर लोकांना रुबेला झाला, त्यांत बहुसंख्य वीस ते पन्नास वयाचे पुरुष होते. कचेरीतून आणि आगगाडीतून तो घरी आला. २०१२ ते २०१४ या काळात ४५ बाळे त्याचे परिणाम घेऊन जन्मली. बायकांचे आरोग्य केवळ बायकांवर सोपवले की काय होते, याचा हा धडा आहे. मुलगा असो वा मुलगी, दोघांच्या लसी पूर्ण झाल्या आहेत की नाही, हे घरातील वडील मंडळींनी आजच कपाटातील कार्ड काढून पाहावे.

शाळेतील तो कागद

आता त्या प्राथमिक शाळेकडे वळू. जपानमध्ये शाळेचे वर्ष एप्रिलात सुरू होते. शालेय तपासणीत हृदयाची तपासणी १९७३ पासून आवश्यक आहे आणि १९९५ पासून प्राथमिक, माध्यमिक व उच्च माध्यमिक अशा प्रत्येक टप्प्याच्या पहिल्या वर्गातील सर्व मुलांच्या हृदयाचा विद्युत आलेख काढला जातो. आम्ही गेलो त्या दिवशी सहा वर्षांची मुले पायमोजे हातात घेऊन रांगेत उभी होती. एकेक जण खाटेवर निजे, छातीला आणि हातापायांना तारा लागत, आणि दोन मिनिटांत ते मूल हसत उठे. पालकांनी घरी भरून दिलेला प्रश्नांचा कागद सोबत होताच.

या तपासणीची भलावण करताना मर्यादाही सांगितली पाहिजे. मोठे दोष सहसा शाळेच्या आधीच कळलेले असतात. आलेखातून प्रामुख्याने हृदयाच्या ठोक्यांचे बिघाड आणि वरच्या पडद्याची काही लपलेली छिद्रे सापडतात. निरोगी मुलाच्या आलेखातही शंका निघते आणि घर चार दिवस काळजीत पडते. खर्च आहेच. म्हणून जगातील बहुतेक देशांनी ही पद्धत सरसकट उचललेली नाही.

पण आम्हांला मोह पडला तो दुसऱ्याच गोष्टीचा. ज्या मुलाला हृदयाचा आजार आहे, त्याच्यासाठी डॉक्टर एक छापील तक्ता भरतो आणि तो शाळेकडे येतो. तक्त्यात पाच पायऱ्या. पहिली : मुलाने घरी किंवा इस्पितळातच राहावे. दुसरी : शाळेत यावे, पण व्यायाम करू नये. तिसरी : हलका व्यायाम चालेल. चौथी : मध्यम चालेल. पाचवी : जोराचा व्यायामही चालेल. खाली खेळांची नावे इयत्तेनुसार लिहिलेली असतात. धावणे, पोहणे, उड्या, चेंडूचे खेळ, शाळेची सहल, प्रत्येकाचा उल्लेख. शिक्षकाला वैद्यक येण्याची गरज नाही. तक्ता पाहिला की झाले.

मुलांना अडवण्यासाठी हा तक्ता असावा असे आम्हांला प्रथम वाटले. तेथील एका वयस्क शिक्षिकेने आमचा समज दुरुस्त केला. त्या म्हणाल्या, “याचा उपयोग उलट आहे. कागद नसला की आम्ही घाबरतो आणि मुलाला सगळ्याच खेळांतून काढतो. कागद असला की त्याला खेळू देता येते.” खरोखर, हृदयाचे छिद्र बुजवलेली पुष्कळ मुले पाचव्या पायरीवर असतात.

ते ऐकताना आम्हांला आमचा तो विद्यार्थी आठवला. आम्ही नुकतेच शिक्षकी पेशात पडलो होतो. चौथीच्या वर्गात एक मुलगा होता. कवायतीला चार पावले धावला की मैदानाच्या कडेला बसायचा. सर्दी-तापाने वारंवार गैरहजर. आम्ही त्याला मुलांसमोर आळशी म्हटले आणि प्रगतिपुस्तकातही तसेच लिहिले. पुढे एक दिवस त्याचे वडील आले आणि मान खाली घालून म्हणाले, “गुरुजी, त्याच्या हृदयाला भोक आहे. डॉक्टरांनी तान्हा असतानाच सांगितलं होतं. पण थोरलीचं लग्न जमायचं होतं, म्हणून आम्ही कुठं बोललो नाही.” नंतर भारतात त्याची शस्त्रक्रिया झाली, तो बरा झाला आणि त्या कुटुंबाने गाव बदलले. त्याची माफी मागायची आमची राहून गेली. दोष त्या बापाचा होता की आमचा? आज आम्हांला वाटते, मधला कागद नव्हता. डॉक्टरला ठाऊक होते, घराला ठाऊक होते, आणि दिवसाचे सहा तास ज्याच्या नजरेसमोर ते मूल असे, त्या शिक्षकालाच ठाऊक नव्हते.

मोठी झालेली मुले

जपानमध्ये जन्मजात हृदयदोषावरील शस्त्रक्रियेची सुरुवात १९५१ साली तोक्योच्या डॉ. साकाकिबारा यांच्या हातून झाली. पुढे तंत्र सुधारत गेले आणि मुले जगू लागली. १९६७ साली जपानमधील अशा रुग्णांत मुलेच फार होती, प्रौढ थोडे. १९९७ च्या सुमारास प्रौढांची संख्या मुलांच्या पुढे गेली आणि २००७ साली प्रौढ रुग्ण चार लाखांवर असल्याचा अंदाज निघाला. आरंभी ज्या वाढत्या गटाचा उल्लेख केला तो हाच. ‘लहान मुलांचा आजार’ हे नाव आता अपुरे पडले आहे.

या यशातून नवे प्रश्न निघाले. लहानपणी दुरुस्त केलेले हृदय म्हणजे कायमचे बरे झालेले हृदय, असे प्रत्येक वेळी नसते. फालोच्या दोषाची शस्त्रक्रिया झालेल्यांना तिशी-चाळिशीत झडप बदलावी लागू शकते. स्त्रियांना गर्भारपणापूर्वी तपासणी आवश्यक. काही दोषांत दातांच्या किडीतून जंतू रक्तात शिरून हृदयाला धरतात, म्हणून दातांची निगा ही हृदयाचीच निगा ठरते. शिवाय जपानमध्ये मुलांच्या दीर्घ आजारांच्या औषधोपचाराला सरकारी साहाय्य मिळते ते अठराव्या आणि फार तर विसाव्या वर्षापर्यंत. पुढे दुसऱ्या नियमांत बसावे लागते. चाळिशीचे गृहस्थ अजून बालरोगतज्ज्ञाच्याच दारात बसलेले दिसतात, कारण मोठ्यांच्या डॉक्टरांना या आजाराची ओळख कमी आणि रुग्णाला जुन्या डॉक्टरांचा विश्वास अधिक. २०१८ साली जपानने हृदयविकार व पक्षाघात यांसाठी जो कायदा केला, त्याच्यापुढेही हे काम आहेच.

आपल्या बेटाचा हिशेब

आता घरचा हिशेब करू. मॉरिशसमध्ये अलीकडे वर्षाला अकरा-बारा हजारांच्या आसपास मुले जन्मतात. हजारी नऊ हे जगाचे प्रमाण धरले, तर दरवर्षी शंभराच्या आसपास मुले हृदयदोष घेऊन येत असली पाहिजेत. त्यांतील कित्येकांची छिद्रे आपोआप बुजतील आणि काहींना पहिल्याच वर्षी शस्त्रक्रिया लागेल. पाम्प्लमूसच्या कार्डियाक सेंटरमुळे बेटावर हृदयाच्या शस्त्रक्रिया होऊ लागल्या ही मोठी सोय झाली, तरी गुंतागुंतीच्या दोषांसाठी कुटुंबांना अजूनही समुद्र ओलांडावा लागतो. जन्म घटत आहेत म्हणून हा प्रश्न आपोआप लहान होईल असे कोणी समजू नये. जपानचा अनुभव उलट सांगतो. मुले कमी जन्मली तरी वाचलेली मोठी होतात आणि त्यांची काळजी आयुष्यभर घ्यावी लागते.

आपल्या बेटाची एक खास जोखीम आहे, ती म्हणजे ‘दियाबेत’. येथे पाचांतल्या जवळजवळ एका प्रौढाला मधुमेह आहे. गर्भ राहण्याच्या आधीपासून आईला मधुमेह असेल आणि साखर ताब्यात नसेल, तर बाळाला हृदयदोष होण्याची शक्यता तीन-चार पटींनी वाढते. येथे मात्र आपल्या हाती पुष्कळ आहे. मूल हवे असे ठरल्यावर, गर्भ राहण्यापूर्वीच, रक्तातील साखर तपासून ताब्यात आणली तर ही जोखीम बरीच कमी होते. लग्नात पत्रिका जुळवणाऱ्यांनी साखरेचा एक कागदही जुळवून पाहिला तर बिघडणार नाही.

दुसरी गोष्ट नात्यातील लग्नांची. मामाच्या मुलीशी लग्न करण्याची चाल आपल्या पूर्वजांनी दख्खनमधूनच पाहिलेली. सख्ख्या चुलत, मामे किंवा आते भावंडांच्या लग्नात जन्मजात दोषांचे प्रमाण सर्वसाधारण जोडप्यांच्या जवळजवळ दुप्पट आढळते. तरीही शंभरातील चौऱ्याण्णव-पंचाण्णव मुले निरोगी असतात. तेव्हा भीती नको, माहिती हवी. आपला समाज लहान आहे, म्हणून हे बोलून ठेवणे बरे.

आणि ज्या महाराष्ट्राकडे आपण मूळ म्हणून पाहतो, तेथेही हालचाल झाली आहे. भारतात वर्षाला दोन लाखांवर मुले हृदयदोष घेऊन जन्मतात असा अंदाज आहे. जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची अंगणवाडीत आणि शाळेत तपासणी करण्याचा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम भारत सरकारने सुरू केला, तो ६ फेब्रुवारी २०१३ रोजी, महाराष्ट्रातील पालघर येथून. जन्मजात हृदयदोष त्याच्या यादीत आहे. पालघरसारख्या आदिवासी भागातील मुलाकडे डॉक्टरांचे पथक जाऊ शकते, तर आपल्या या चाळीस मैलांच्या बेटावर कोणते मूल दूर आहे?

यंत्र नको, कागद घेऊ

मग आपण त्सुकुबाकडून काय घ्यावे? एक लाख मातांची पाहणी आपल्याला झेपणार नाही. प्रत्येक शाळेत आलेखाचे यंत्र मागणेही शहाणपणाचे नाही. पण तीन गोष्टी अल्प खर्चाच्या आहेत.

पहिली, प्रत्येक नवजात बाळाच्या पायाला ऑक्सिमीटर लावणे. करोनाच्या काळात आपण सर्वांनी बोटाला लावला तोच हा चिमटा. त्यामागील तत्त्व १९७४ साली ताकुओ आओयागी या जपानी अभियंत्याने शोधले. २०२० च्या एप्रिलात, ऐन साथीत, ते वारले. आईबापांना दिसण्याआधीच बाळाच्या रक्तातील प्राणवायू कमी असल्याचे हा चिमटा सांगतो आणि गंभीर दोष घरी जाण्यापूर्वी लक्षात येऊ शकतो. आपले बाळ जन्मले की ही तपासणी झाली का, हे विचारण्याचा हक्क प्रत्येक बापाला आहे.

दुसरी, मोजणी. ज्यांना दोष आढळला त्या मुलांची एकच राष्ट्रीय नोंदवही असावी, आणि ती अठराव्या वर्षी बंद होऊ नये.

तिसरी गोष्ट तो कागद. डॉक्टरने भरलेला, पालकांनी संमतीने दिलेला, शाळेने गुप्त ठेवलेला. त्यावर मुलाने काय करू नये, त्यापेक्षा काय करावे हे अधिक लिहिलेले असावे. सरकारने छापला तर उत्तम. पण त्यासाठी थांबण्याची गरज नाही. जानेवारीत शाळा उघडल्या की पालकांनी डॉक्टरांकडून साध्या चिठ्ठीवर चार ओळी आणाव्यात आणि वर्गशिक्षकाच्या हाती द्याव्यात.

शिक्षक बंधू-भगिनींनाही विनंती आहे. जो मुलगा धावताना मागे बसतो, त्याच्याविषयी काही लिहिण्यापूर्वी त्याच्या घरी एकदा विचारा. आणि पालकहो, मुलीचे लग्न मोडेल म्हणून मुलाचे हृदय झाकून ठेवू नका. शंभरातल्या एका घरी जे घडते ते लाजिरवाणे कसे असेल? आम्ही तेव्हा चुकलो. दुसऱ्या कोणा गुरुजीने चुकू नये, एवढ्याचसाठी हे लिहिले.